बोलिव्हियाचा ढेकूण

सरोजिनी विजयकरांना आपला जावई आवडत नसे, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवूनही ठेवली नाही. लग्नाच्या दिवशीच त्यांनी नवऱ्याला, कमलाकांतांना, विचारलं होतं, "हा मुलगा बोलायचा थांबतो कधी?" कमलाकांतांनी त्यांना कोपर मारून फोटोग्राफरकडे बघायला लावलं. त्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत सरोजिनीबाई दाढ दुखत असल्यासारख्या हसताहेत.

जावयाचं नाव अभिषेक. शिक्षणानं आर्किटेक्ट, धंद्यानं मातीचा भक्त. सिमेंट म्हणजे पाप आणि शेणमाती म्हणजे मोक्ष, असा त्याचा एकूण सिद्धांत. अलिबाग-कर्जतकडे तो पैसेवाल्यांना मातीची फार्महाऊस बांधून देई. आत एसी असे, आणि तो दिसू नये म्हणून त्यावर बांबूची जाळी. स्वतः राहायचा मात्र करी रोडच्या टॉवरमध्ये, इतक्या वर की खालच्या चाळींची कौलं पत्त्यांसारखी दिसत. तिथे हॉलची एक भिंत त्यानं शेणामातीनं सारवून घेतली होती. पाहुणे आले की तो त्या भिंतीवर तळहात टेकवायचा आणि डोळे मिटायचा. सरोजिनीबाईंना पहिल्यांदा दाखवली तेव्हा त्यांनी जवळ जाऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "डेटॉल घातलंय वाटतं यात."

घातलेलं होतंच. सोसायटीनं तक्रार केली होती.

सरोजिनीबाई परळच्या एका मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवून रिटायर झालेल्या. जंत, अमीबा, मलेरियाचे परजीवी यांच्या संगतीत त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि त्यांचं प्रामाणिक मत असं झालं होतं की परजीवी बरा, तो निदान भाषण करत नाही. वर्गातली पोरं त्यांना टरकून असत. घरी कमलाकांत टरकून असत. एकच व्यक्ती त्यांना जुमानत नसे, ती म्हणजे मुलगी अवनी. एकुलती एक, हुशार, चांगल्या कंपनीत डिझायनर होती. लग्नानंतर नोकरी सोडून ती नवऱ्याच्या भाषणांची चित्रं सजवायला लागली, तेव्हा सरोजिनीबाईंनी गिरगावातल्या स्वयंपाकघरात एक बरणी आपटली होती. ती फुटली नाही, याचाही त्यांना राग आला.

आदल्या वर्षी अभिषेक आणि अवनी दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियाला जाऊन आली. तिथल्या एका खेड्यात कच्च्या विटांची घरं बांधतात, ती शिकायला. चांगले चार-पाच महिने राहिली. परत आल्यावर अभिषेकनं त्या अनुभवाचं भाषण तयार केलं आणि ते गावोगाव, म्हणजे ठाणे, पुणे आणि नाशिक, देऊन झाल्यावर दादरला आणलं. कमलाकांतांनी पहिल्या रांगेतल्या दोन जागा मागून घेतल्या आणि बायकोला म्हणाले, "जावयाचं कौतुक आहे. चल. आणि कृपा करून तोंड सरळ ठेव."

सभागृह भरलेलं होतं. रिटायर्ड माणसं, खादीचे कुडते, सुती साड्या. फ्लॅट विकून गावी जायची स्वप्नं बघणारी आणि गावी गेल्यावर कमोड नाही म्हणून तिसऱ्या दिवशी परत येणारी मंडळी, असं सरोजिनीबाईंनी एका नजरेत ठरवून टाकलं. अभिषेक स्टेजवर अनवाणी आला. त्याबद्दलही टाळ्या पडल्या.

"त्या घरात आम्ही राहिलो," अभिषेक सांगत होता, "मातीची भिंत, गवताचं छप्पर. भिंतीला भेगा. त्या भेगांमधून घर श्वास घेतं. आपल्या टॉवरला भेग पडली तर आपण बिल्डरवर केस करतो. तिथे भेग म्हणजे घराचं नाक आहे!" 

लोक हसले. मग पडद्यावर एक फोटो आला. अभिषेकचाच. एक डोळा टम्म सुजून मिटलेला, पापणी जांभळट, दुसरा डोळा नीट उघडा आणि खाली हसरं तोंड.

"हा बघा! रात्री झोपेत एका किड्यानं माझा मुका घेतला. आपल्या ढेकणाचा थोरला भाऊ समजा. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या हुस्तिना मावशी म्हणाल्या, अरे देवा, विंचूका चावला. मी म्हटलं, मावशी, घर त्याचंही आहे. आपण कोण त्याला हाकलणारे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. सरोजिनीबाई मात्र पडद्याकडे बघत खुर्चीत ताठ झाल्या होत्या. हा असा सुजलेला एक डोळा त्या दरवर्षी वर्गात पुस्तकातून दाखवत. शागासचा रोग. अमेरिका खंडातल्या गरिबांचा, कच्च्या भिंतींचा रोग. मुंबईत त्याचा पेशंट त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. विद्यार्थी तो धडा परीक्षेपुरता पाठ करत आणि विसरून जात. आणि आता तो डोळा आपल्याच जावयाच्या तोंडावर बसून दादरमध्ये टाळ्या घेत होता.

"अहो," त्या कमलाकांतांच्या कानाशी म्हणाल्या, "हा मूर्ख आजारी असू शकतो."

"तोंड सरळ," कमलाकांत म्हणाले.

रविवारी अभिषेक आणि अवनी गिरगावात जेवायला आली. सरोजिनीबाईंनी कोळंबीचं भानोलं केलं होतं, कारण जावई आवडत नाही म्हणून पाहुणचारात कसर करायची हे त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. पानं वाढून झाली तशी त्यांनी विषय काढला.

"अभिषेक, तुमचं रक्त तपासून घ्या. तो डोळा सुजला होता ना, तो साधा प्रकार नाही. तो किडा तोंडाला चावतो आणि रक्त पिता पिता तिथेच घाण करतो. माणूस झोपेत खाजवतो, ती घाण जखमेत जाते, नाहीतर डोळ्यात. त्या घाणीत परजीवी असतात."

"सरोज, जेवतोय आपण," कमलाकांत म्हणाले.

"जेवा की. मी काय ताटात वाढतेय का? तर ते परजीवी रक्तातून जातात आणि हृदयाच्या स्नायूत घर करतात. वर्षानुवर्षं काही कळत नाही. ताप येऊन जातो, माणूस विसरतो. सगळ्यांचं होत नाही, पण कित्येकांचं हृदय पुढे फुगून निकामी होतं. चालता बोलता माणूस पडतो."

अभिषेक मोकळेपणानं हसला. त्याचं हसणं चांगलं होतं, हेही सरोजिनीबाईंना खटकत असे. "आई, मी ठणठणीत आहे. आणि त्या गावातली माणसं जन्मभर तिथेच राहतात."

"राहतात आणि मरतात. तुम्ही त्यांच्या मरणाच्या स्लाइड्स केल्यात आणि वर त्याला साधं जीवन म्हणता."

"आई!" अवनीनं चमचा खाली ठेवला. "लग्न झाल्यापासून तू त्याच्यात काहीतरी रोग शोधतेयस. आता तुला त्याचं नाव सापडलं, एवढंच."

"अवनी, मी मस्करी करत नाहीये."

"तू कधीच करत नाहीस. त्याची भिंत घाण, त्याचे कपडे घाण, त्याचं बोलणं घाण. आता रक्त घाण."

अभिषेकनं वातावरण हलकं करायला म्हणून सांगितलं, "रक्तावरनं आठवलं. महाराष्ट्र दिनाला, एक मे रोजी, लालबागला एका मंडळाचं रक्तदान शिबिर आहे. मी प्रमुख पाहुणा. सगळ्यांत पहिलं रक्त मीच देणार."

"मुळीच द्यायचं नाही," सरोजिनीबाई कडाडल्या. "हा रोग रक्तातूनही जातो."

"ब्लड बँकवाले सगळं तपासतात, आई."

"हे नाही तपासत. आपल्याकडे हा रोगच नाही, तर तपासतील कशाला?"

"मग नाहीच आहे ना आपल्याकडे!" अभिषेक म्हणाला आणि त्यानं भानोलं आणखी मागून घेतलं.

त्यानंतर सरोजिनीबाईंनी त्याला फोन केले. त्यानं हात जोडलेली चित्रं पाठवली. अवनीला केले. तिनं उचलले नाहीत. शेवटी त्या कमलाकांतांना म्हणाल्या, "तुम्ही सांगून बघा. तुमचं ऐकेल."

कमलाकांत पेपर खाली ठेवून म्हणाले, "इतक्या दिवसांत तू त्या पोराबद्दल एक शब्द बरा बोलली असतीस ना, तर आज तुझंही ऐकलं असतं त्यांनी." मग त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. नवऱ्याला इतकं खरं बोलता येतं याची सरोजिनीबाईंना कल्पना नव्हती. त्यांना ते आवडलं नाही.

एक मे रोजी त्या टॅक्सी करून एकट्याच लालबागला गेल्या. शिबिर पालिकेच्या शाळेत होतं. दारावर मंडळाचा बॅनर, बॅनरवर शिवाजी महाराज, खाली हुतात्मा स्मारक आणि या दोहोंपेक्षा मोठा चेहरा येत्या निवडणुकीत नगरसेवक व्हायला निघालेल्या कुणा गृहस्थांचा. रक्त देणाऱ्या प्रत्येकाला एक छत्री, आणि छत्रीवर पुन्हा तेच गृहस्थ. पाऊस पडला की सगळं लालबाग याचं तोंड डोक्यावर घेऊन फिरणार, असा विचार सरोजिनीबाईंच्या मनात आला.

मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र, भगवा टी-शर्ट घातलेला, घामानं निथळत सगळीकडे धावत होता. त्यानं यांना वयस्कर बघून अडवलं. "काकी, साठच्या वर आता नाही घेत हां. तुम्ही बसा, सरबत घ्या."

"मला द्यायचं नाही. थांबवायचंय," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि त्याला बाजूला सारून आत गेल्या.

आत बाकं हलवून खाटा टाकल्या होत्या. अभिषेकचं रक्त देऊन झालं होतं. तो खाटेवर अजून पडून होता आणि कुणीतरी धरलेल्या मोबाइलकडे बघून बोलत होता, "माती आपल्याला देते, आपण मातीतल्या माणसाला द्यायचं..." शेजारच्या खाटेवर अवनी बसली होती. दंडावर कापूस दाबलेला, हातात बिस्किट. सरोजिनीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. त्या तडक टेबलापाशी बसलेल्या ब्लड बँकेच्या डॉक्टरकडे गेल्या. तिच्या कोटावर अनुजा एवढंच नाव वाचता येत होतं.

"डॉक्टर, त्या माणसाची बॅग बाजूला काढा. तो बोलिव्हियात कच्च्या घरात राहून आलाय, त्याला विंचूका चावलाय, डोळा सुजला होता. शागासची तपासणी झाल्याशिवाय ते रक्त कुणाला देता कामा नये."

डॉक्टर अनुजानं हातातलं पेन खाली ठेवलं. "शागास? मॅडम, कॉलेजात वाचलं होतं. आमच्या टेस्टमध्ये तो नसतो."

"म्हणूनच इतक्या लांबून आले."

ती मुलगी उगाच वाद घालत बसली नाही. उठली, ट्रेमधून अभिषेकची बॅग काढली आणि वेगळ्या पेटीत ठेवली. ते बघून हितेंद्र धावत आला. "ओ मॅडम, काय करताय? चीफ गेस्टचं रक्त आहे ते! व्हिडिओ गेला पण सगळीकडे. काकी, तुम्ही कोण? कुणी पाठवलं तुम्हाला? समोरच्या मंडळानं?"

"मी त्याची सासू आहे."

हितेंद्रचा चेहरा एकदम समजूतदार झाला. "असं होय," तो म्हणाला. ते "असं होय" ऐकून सबंध खोली हसली. अभिषेक कोपरावर रेलून उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "काही हरकत नाही, मित्रांनो. आईंचं प्रेम आहे माझ्यावर. त्यांची पद्धत निराळी आहे." पुन्हा हशा. मोबाइल धरलेला माणूस आता सरोजिनीबाईंकडे वळला होता. त्या मान वर करून उभ्या राहिल्या. एवढ्या सगळ्या गाढवांत आपण एकट्या बरोबर आहोत, हे सुख त्यांना नवं नव्हतं आणि ते त्यांनी त्या क्षणीही चाखलं.

तेवढ्यात डॉक्टर अनुजानं अभिषेकला विचारलं, "तिथे तुमच्याबरोबर त्या घरात आणखी कोण होतं?"

तो गप्प झाला. बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच.

"मी होते," अवनी म्हणाली. तिनं कापूस धरलेला हात थोडा वर केला. "त्याच खोलीत. त्याच पलंगावर. मीही आत्ता दिलंय."

सरोजिनीबाईंना कुणीतरी खुर्ची दिली. जावयाचा डोळा पाहिला त्या दिवसापासून त्या त्याच्यावर अशा तुटून पडल्या होत्या की शेजारी कोण झोपत होतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोटची पोर, हाताच्या अंतरावर, दंडावर कापूस दाबून बसली होती आणि आपण तिला ओलांडून पुढे गेलो. वर्गात एखाद्या पोरानं अशी चूक केली असती तर त्याला त्यांनी दाराबाहेर उभं केलं असतं.

"याआधी कुठे रक्त दिलंय तुम्ही दोघांनी? तिकडून आल्यावर?" डॉक्टरनं विचारलं. दोघांनी नाही म्हटलं. दुसरीही बॅग वेगळ्या पेटीत गेली. छत्र्या मात्र हितेंद्रनं परत मागितल्या नाहीत.

रक्ताचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत गेले. उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा पहिला फोन अभिषेकचा. "आई, मी निगेटिव्ह! काही नाही मला. तो डोळा म्हणजे त्या किड्याच्या लाळेची ॲलर्जी, म्हणे." त्याच्या आवाजात असा काही आनंद होता की त्यानं मागे संगीत लावलं असेल असं वाटावं.

"अवनीचं काय?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"तिचा रिपोर्ट... तपासणी पुन्हा करताहेत. तसं काही नसेल."

तसं होतं. दुसऱ्या पद्धतीनं केलेली तपासणीही पॉझिटिव्ह आली. अवनीचा डोळा कधी सुजला नव्हता. तिथे असताना तिला थोडे दिवस ताप आला होता, हवा मानवली नाही म्हणून तिनं गोळ्या घेतल्या आणि विसरली. ईसीजी, इको, दोन्ही चांगले निघाले. हृदयापर्यंत काही गेल्याची खूण नव्हती. हे कळल्यावर सरोजिनीबाई न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

अवनी आईच्या समोर बसून म्हणाली, "यंदा आम्ही मुलाचा विचार करत होतो."

"तो पुढे ढकला. आईकडून मुलाला होऊ शकतो हा. पण आधी औषध घेतलंस तर ती भीती जवळजवळ राहत नाही. औषध आहे, अवनी. दोन महिन्यांचं. फक्त ते आपल्याकडे मिळत नाही."

औषध मिळवायचं काम सरोजिनीबाईंनी आपल्याकडे घेतलं. त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, मोठमोठ्या संस्थांना ईमेल केले, नियमाप्रमाणे, योग्य मार्गानं, उत्तम इंग्रजीत. कुणी म्हणालं, कळवतो. कुणी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. एकानं त्यांना एका परिसंवादाचं आमंत्रण दिलं. सगळे विद्वान एकजात निरुपयोगी निघाले, आणि हे विद्वान आपणच घडवलेले आहेत ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

इकडे अभिषेकनं एक व्हिडिओ केला. सारवलेल्या भिंतीपुढे बसून, मागे बासरी. "मातीनं आमची परीक्षा घ्यायचं ठरवलंय," अशी सुरुवात. सरोजिनीबाईंनी तो पाहिला. बायकोच्या रक्तात परजीवी आणि हा बासरी वाजवतोय! पण तो व्हिडिओ बघून नाशिकच्या एका बाईनं आपल्या भावाला कळवलं, तो भाऊ जिनिव्हात एका आरोग्य संघटनेत नोकरीला होता, त्यानं नेमका कुणाकडे अर्ज करायचा ते सांगितलं, डॉक्टर अनुजानं कागदपत्रं केली, आणि औषध आलं. सुती साडीवाल्या तसल्या बायकांपैकीच कुणीतरी असणार ती. सरोजिनीबाईंनी तिचे आभार मानणारं पत्र लिहिलं. लिहिताना त्यांना कष्ट पडले.

गोळ्या सुरू झाल्या तशी अवनी गिरगावात राहायला आली. थोड्याच दिवसांत तिच्या अंगावर पुरळ उठलं, जिवाची नुसती तगमग. अभिषेक रोज संध्याकाळी येई, गार पाण्याच्या पट्ट्या अंगावर ठेवी. पट्ट्या तो वाईट पिळत असे, चादर ओली करून ठेवी. सरोजिनीबाई काही न बोलता चादर बदलत.

एक दिवस दुपारी अवनीनं बोलिव्हियाला फोन लावला. हुस्तिना मावशीला तपासणी करून घ्यायला सांगावं म्हणून. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ती बोलत होती, आणि सरोजिनीबाई समोर मेथी निवडत बसल्या होत्या. मग तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"तिच्या नातीला झालाय. शाळेत तपासणी झाली, त्यात निघाला. औषध सुरू आहे."

"लहान वयात चांगलं लागू पडतं औषध. बरी होईल ती."

"आई, आम्ही निघाल्यावर त्या खोलीत ती झोपायची." अवनीनं पुरळ उठलेले हात मांडीवर उलटे ठेवले. "आम्ही तिथे होतो तेव्हा फवारणीवाले आले होते. सरकारी लोक. गावातल्या सगळ्या घरांत भिंतींवर औषध मारलं. आमच्या खोलीपुरतं अभिषेक नको म्हणाला. म्हणाला, या भिंतीवर विष मारू नका, मला ती जशी आहे तशी अभ्यासायचीय. मावशी पाहुण्यांना काय बोलणार? तिनं त्यांना परत पाठवलं. मीही काही बोलले नाही. आणि आज तिनं मला काय विचारलं माहितेय? अभिषेकचा डोळा बरा झाला का."

सरोजिनीबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. इतकी वर्षं त्या ज्या माणसाला तुच्छ लेखत आल्या, त्याला तुच्छ लेखायला आज खरंखुरं कारण मिळालं होतं. आधीची सगळी कारणं, अनवाणी पाय, भिंत, बासरी, यांच्यापुढे पोरकट होती. आणि त्यात कसली गंमतच नव्हती. त्यांना फक्त ती नात डोळ्यांपुढे दिसत होती, भेगांच्या भिंतीशी तोंड करून झोपलेली.

संध्याकाळी अभिषेक आला. त्या त्याच्यासाठी वाक्यं जुळवून ठेवत होत्या, पण अवनीनं त्यांना बोलूच दिलं नाही.

"आई, तू आत जा. तू बोललीस की तो तुझ्याशी भांडतो आणि मुद्दा राहतो बाजूला."

त्या आत गेल्या. दार लोटून घेतलं, पण कान तिथेच होते. अवनीनं सगळं सांगितलं. मग अभिषेक म्हणाला, "मला कुठे माहीत होतं, अवनी?"

"तुला सांगितलं होतं त्या लोकांनी. मी भाषांतर केलं होतं. किडा चावतो आणि माणसं मरतात, असं शब्दशः. तू म्हणालास, औषध कंपन्यांचा धंदा आहे."

"काय करू मी?"

"सांग सगळ्यांना. बासरी न लावता. नाहीतर मी करी रोडला परत येणार नाही."

तो व्हिडिओ चार-पाच दिवसांनी आला. या वेळी तो सोफ्यावर बसला होता, मागे साधा पडदा. केस विस्कटलेले, आवाज कोरडा. कागदावरून वाचत होता आणि अडखळत होता, परजीवीच्या लांबलचक नावापाशी तर जास्तच. मी एका घरातल्या खोलीची फवारणी थांबवली. त्या घरातली मुलगी आणि माझी बायको आजारी पडली. मला काही झालं नाही. भिंतीच्या भेगांना मी घराचं नाक म्हणायचो, त्या भेगांत हे किडे राहतात. तिथली माणसं भिंतींना गिलावा करून मागतात ते त्यांना जगायचं असतं म्हणून. यापुढे मी ते भाषण देणार नाही. इतकंच. शेवटी हात जोडायचे तेही तो विसरला.

आधीच्या व्हिडिओच्या मानानं हा फारच थोड्यांनी पाहिला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, सिमेंट कंपनीनं पैसे दिले वाटतं. कर्जतच्या एका गिऱ्हाइकानं काम काढून घेतलं. कमलाकांत तो व्हिडिओ बघताना मध्येच उठून गॅलरीत गेले.

सरोजिनीबाईंनी तो दोनदा पाहिला. पहिल्यांदा चुका शोधायच्या म्हणून. दुसऱ्यांदा का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माणूस त्यांच्या मनात वर चढला नव्हता. पोरीला आणि त्या परक्या लेकराला यानंच त्या भिंतीशी झोपवलं, हे त्या विसरणार नव्हत्या. अवनीच्या गोळ्या संपल्या, अंगावरचं पुरळ उतरलं, आणि तिनं बॅग भरायला घेतली तेव्हाही त्यांनी विचारलं, "नक्की जायचंय?"

"हो, आई. जायचंय."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भानोल्याचा डबा बॅगेत वरच्या बाजूला ठेवला.

ती गेल्यावर त्यांनी स्वतःहून जावयाला फोन लावला. शिबिराआधीचे ते फोन सोडले तर लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं. पलीकडे तो इतका दचकला की "आई, काय झालं?" असं ओरडलाच.

"काही झालं नाही. अवनी निघालीय. तुमच्या त्या व्हिडिओत त्या परजीवीचं नाव तुम्ही चुकीचं उच्चारलंत. ट्रायपॅनोसोमा. पॅ. तुम्ही पो म्हणालात."

"सॉरी, आई. परत करू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "बाकीचं बरोबर होतं."